वॉल ट्यूब : कोंडलेल्या हवेची आणि बोटभर रबराची कथा (थ्रेड)

पिंपरी-चिंचवडचा औद्योगिक इतिहास सांगताना ठरावीक वर्षे समोर ठेवली जातात. १९५४ मध्ये पिंपरीत हिंदुस्थान अँटिबायोटिक्सची स्थापना, १९६२ मध्ये महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ, १९७० मध्ये नगरपालिका, १९८२ मध्ये महानगरपालिका. कारखान्याच्या फाटकापर्यंत कामगार पोहोचत कसा होता, हा प्रश्न मात्र क्वचितच विचारला जातो. अनेकांसाठी त्याचे उत्तर सायकल हे होते. आणि पाळीचा भोंगा गाठणे हे चाकातील हवेवर अवलंबून होते.

रात्री टणक असलेले चाक सकाळी बसलेले आढळे. टायरमध्ये ना काटा, ना खिळा. अशा वेळी पहिला संशय व्हॉल्व्हवर घ्यावा, हे जाणत्या सायकल दुरुस्तीवाल्याला पक्के ठाऊक असे. नवशिका मात्र ट्यूब बाहेर ओढून नसलेले पंक्चर शोधत बसे.

हवेचे चाक मुळात दोनदा शोधले गेले. स्कॉटिश अभियंता रॉबर्ट विल्यम थॉमसन याने १८४५ मध्ये त्याचे पेटंट घेतले, पण ते विस्मृतीत गेले. १८८८ मध्ये बेलफास्टमधील पशुवैद्य जॉन बॉइड डनलॉप याने आपल्या मुलाच्या तीनचाकीसाठी तीच कल्पना पुन्हा सिद्ध केली. आपल्याकडील साध्या सायकलींत दीर्घकाळ चाललेला व्हॉल्व्ह त्याच्याच नावाने, किंवा वुड्स या नावाने, ओळखला जातो.

त्याची रचना विलक्षण साधी आहे. धातूची एक पोकळ दांडी, तिच्या बाजूला एक बारीक छिद्र, आणि छिद्रावर घट्ट चढवलेली रबराची बारीक नळी. हीच ती वॉल ट्यूब. पंपाची हवा छिद्रातून येऊन रबर किंचित उचलते व आत शिरते. पंप थांबताच आत कोंडलेली हवाच रबराला छिद्रावर दाबून धरते. म्हणजे दार लावण्याचे काम कैदीच करतो! येथे ना स्प्रिंग आहे, ना कुलूप.

पण रबर उन्हाने वाळते, तेलाने फुगते, काळाने चिरते. मग दार किलकिले राहते. परीक्षा अशी : व्हॉल्व्हच्या तोंडावर थुंकीचा थेंब लावावा, बुडबुडा फुगला की गळती तेथेच. नट सोडवून दांडी काढावी, जुने रबर खरवडून टाकावे, नवा तुकडा ओला करून छिद्र पूर्ण झाकेपर्यंत वर सरकवावा, जास्तीचा कापावा. रबर आखूड पडले तर हवा टिकत नाही. मुडपले तर दांडी नीट बसत नाही. काही पैशांच्या या तुकड्यावर एका दिवसाची हजेरी टांगलेली असे.

येथे एक विसंगती नोंदवण्याजोगी आहे. आकुर्डीच्या बजाज कारखान्यात १९७२ पासून चेतक स्कूटर तयार होऊ लागली. तिच्या ट्यूबला असे तो श्रेडर व्हॉल्व्ह. न्यूयॉर्कच्या ऑगस्ट श्रेडरने १८९१ मध्ये घडवलेला, स्प्रिंगच्या पिनने बंद होणारा. स्कूटरसाठी ग्राहकांना वर्षानुवर्षे नोंदणी करून थांबावे लागे. तेव्हा स्प्रिंगचा व्हॉल्व्ह बसलेली वाहने दिवसभर जोडून कित्येक हात संध्याकाळी पुन्हा रबराच्या नळीच्याच सायकलीकडे वळत असणार.

कैद्यानेच दार लावण्याची ही युक्ती पुढे अगदी अनपेक्षित ठिकाणी पोहोचली. १९८४ मध्ये ब्रिटनीतील ब्रुनो आणि डॉमिनिक लेगेन्यू या बंधूंनी पाण्यावर पडूनही पुन्हा उडवता येईल अशा, हवा भरलेल्या नळ्यांच्या पतंगाचे पेटंट घेतले. आज गोव्यातील मोरजीच्या किनाऱ्यावर असे पतंग उडतात. त्यांच्या कित्येक व्हॉल्व्हमध्ये आतून दाबली जाणारी एक पातळ झडप असते. तिच्या काठावर वाळूचा एक कण अडकला तरी हवा निसटते.

दुसरी कमजोर जागा म्हणजे प्लास्टिकच्या पातळ फुग्याला व्हॉल्व्ह चिकटवलेला सांधा. उन्हाने तेथील पकड सुटते. पुढची नळी समुद्रात मऊ पडली, तर पतंग पाण्यावरून उठत नाही आणि स्वार किनाऱ्यापासून दूर अडकतो. म्हणून आधी झडप गोड्या पाण्याने धुतात, मग फुगा फुगवून सांध्यावर साबणाचे पाणी लावतात. बुडबुडे सांध्यातूनच आले, तर जुना गोंद पुसून, जागा स्पिरिटने स्वच्छ करून, पूर्ण वाळवून नवा व्हॉल्व्ह चिकटवतात; आणि हवा भरून रात्रभर तसाच ठेवतात, सकाळी तो टणक आहे की नाही हे पाहण्यासाठी.