परसातले भुंगेरे आणि वर्ध्याची शाळा

लेकरू मातीत बसलं की आपण ओरडतो, "किडे चावतील, घरात चल!" पण हाताने काम करत, आजूबाजूचं पाहत लेकरांनी शिकावं, हे आपल्याच वर्ध्यात ठरलं होतं.

22 आणि 23 ऑक्टोबर 1937 ला गांधीजींच्या अध्यक्षतेखाली इथे शिक्षण परिषद भरली. मग झाकीर हुसेन यांच्या समितीने अभ्यासक्रम केला. समितीत विनोबा होते, आशादेवी आर्यनायकम् होत्या. नई तालीम म्हटलं की आपल्याला फक्त चरखा आठवतो. पण त्या अभ्यासक्रमात निसर्गनिरीक्षण होतं, झाडं-प्राणी होते, अगदी आकाशातले तारेही होते. सेवाग्रामची शाळा आशादेवी आणि त्यांच्या यजमानांनी चालवली. मध्ये ती बंद पडली, 2005 मध्ये आनंद निकेतन नावाने पुन्हा सुरू झाली. तिथली मुलं आजही मातीत हात घालतात.

आता भुंगेरे. पहिला पाऊस पडला की संध्याकाळी कडुनिंबावर, बाभळीवर तपकिरी भुंगेरे जमतात. जमिनीतल्या हुमणीचंच ते मोठं रूप. हे सांगून पटत नाही, माती उकरून अळी दाखवावी लागते. शेणाची गोळी ढकलणारा, तुरीला भोक पाडणारा, आणि काजवासुद्धा, सगळे एकाच कुळातले. पाय सहा, आणि बहुतेकांचे वरचे पंख टणक, पाठीवर झाकणासारखे. मृगाचा मखमली लाल किडा मात्र यांच्यातला नाही. पाय मोजायला सांगा, आठ भरतील. तो कोळ्याच्या नात्यातला.

ठिपक्यांचा ढालकिडा कपाशीवरचा मावा खातो, हे पुष्कळींना ठाऊक आहे. त्याची काळी, खरबरीत अळीही मावाच खाते, पण तिला पाहून आपण घाबरतो आणि घरधन्याला फवारायला सांगतो. 2017 मध्ये शेजारच्या यवतमाळात फवारणीच्या विषबाधेने शेतकरी, मजूर दगावले. कोणत्या किड्यासाठी पंप उचलायचा नाही, हे घरात कुणाला तरी ओळखता यायला हवं. आमच्या मते ते लेकरांना लवकर जमतं. त्यांची नजर खालीच असते!

फवारलेल्या शेतात मुलांना नेऊ नका. परसातली वालाची वेल पुरे. मावा असलेली डहाळी आणि ढालकिड्याची अळी बरणीत ठेवा, तोंडाला फडकं बांधा, मावा रोज ताजा द्या. अळी खाणं सोडून एका जागी चिकटली की कोष झाला समजा. काही दिवसांनी ढालकिडा निघेल, तेव्हा तो त्याच वेलीवर सोडायचा.