गुणगुण आणि तिचा उतारा

डोंबिवलींतील एखाद्या इमारतीच्या तिसऱ्या मजल्यावर संध्याकाळच्या वेळीं विजेची गिटार ध्वनिवर्धकाला जोडली, म्हणजे तारेला बोट लागण्यापूर्वींच एक स्वर खोलींत उभा राहतो. वाजविणारा तो लावीत नाहीं, ऐकणारा मागत नाहीं. तरी तो असतो. घरांतील विजेचा प्रवाह सेकंदास ५० वेळां मागेंपुढें होतो, आणि त्याच्या भोंवतीं पसरणारें चुंबकीय क्षेत्र गिटारीच्या पोटांतील तारेच्या वेटोळ्यांत शिरून तेथें तसाच एक क्षीण प्रवाह उत्पन्न करतें. ध्वनिवर्धक बिचारा भेदाभेद जाणत नाहीं. वादकाचा षड्ज असो कीं पंख्याच्या रेग्युलेटरचा उपद्रव असो, तो दोहोंना सारखाच मोठा करतो. अमेरिकेंत हीं आंदोलनें सेकंदास ६० असतात. पन्नासास साठ म्हणजे पांचास सहा. संगीतज्ञ श्रोत्यांच्या ध्यानांत येईलच कीं, डोंबिवलीची गुणगुण षड्ज मानली तर अमेरिकेची गुणगुण बरोबर कोमल गांधारावर पडते.

या गुणगुणीवर उतारा म्हणून जो दुहेरी वेटोळ्याचा पिकअप निघाला, त्यास हम्बकर असें नांव आहे. आज ठाणें, कल्याण व डोंबिवली या भागांतील तरुण वादक आपल्या गिटारीचा मूळचा हम्बकर काढून त्याच्या जागीं दुसरा कोणता बसवावा, या विवंचनेंत पुष्कळदां सांपडलेले असतात. परदेशी पिकअपची जोडी घेण्यास लागणारी रक्कम मध्यमवर्गीय घराला सहज वाटावी अशी नसते. तेव्हां त्या वस्तूचा पूर्वेतिहास ठाऊक असणें हें केवळ कुतूहलाचें काम नव्हे, पैशाचेंही आहे. आणि पुढें दिसेल त्याप्रमाणें, क्वचित् प्राणाचेंही आहे.

विजेची आणि या भागाची ओळख गिटारीच्या फार आधींची. १६ एप्रिल १८५३ रोजीं बोरीबंदराहून ठाण्यास पहिली आगगाडी आली ती वाफेची. ३ फेब्रुवारी १९२५ रोजीं मुंबईहून कुर्ल्यापर्यंत विजेची गाडी धांवूं लागली, पुढें तीच वीज कल्याणापर्यंत आली, आणि १९२९ सालीं ठाकुर्लीजवळ चोळें येथें रेल्वेचें स्वतःचें वीजगृह उभें राहिलें. रुळांवरच्या तारेंतील तो प्रवाह १५०० व्होल्टचा व एकाच दिशेनें वाहणारा, म्हणजे डी. सी. होता. जून २०१५ मध्यें मुंबई-कल्याण मार्गावर आणि एप्रिल २०१६ मध्यें हार्बर मार्गावर त्याचें राज्य संपलें, व २५,००० व्होल्टचा ए. सी. प्रवाह सर्वत्र आला. रुळालगत राहणारे कित्येक वादक गिटारीच्या गुणगुणीचा सारा दोष या मोठ्या तारेच्या माथीं मारतात. परंतु खरा अपराधी बहुधा त्याहून पुष्कळ जवळ, म्हणजे ट्यूबलाइटच्या चोकमध्यें, मोबाइलच्या चार्जरमध्यें किंवा ध्वनिवर्धकाच्या स्वतःच्याच ट्रान्सफॉर्मरमध्यें बसलेला असतो.

विजेच्या जाड तारेशेजारून टेलिफोनची बारीक तार नेली कीं संभाषणांत घरघर शिरते, हा अनुभव टेलिफोनइतकाच जुना आहे. त्यावरचा उपाय अलेक्झांडर ग्रॅहॅम बेल यानें १८८१ सालीं पेटंट करून घेतला: जातीयेती तार एकमेकींना पीळ घालून न्यावी. बाहेरचा उपद्रव दोघींत सारखाच शिरतो, आणि शेवटीं एकींतून दुसरी वजा होतांच तो आपलाच आपण नाहींसा होतो. जुन्या रेडिओ-संचांच्या कर्ण्यांतही हीच युक्ति असे. तेथें एक लहान उलट गुंडाळलेलें वेटोळें विजेची घरघर खोडून काढी. अर्थात् हम्बकरचें तत्त्व गिटारीचें नव्हेच. तें टेलिफोनच्या खांबांवरून आणि दिवाणखान्यांतील रेडिओंतून गिटारींत आलें.

गिटारीला पहिला चालणारा पिकअप जॉर्ज बोशाँप यानें १९३१ सालीं केला. ती गिटार मांडीवर आडवी ठेवून वाजवावयाची, हवायन पद्धतीची होती. हिंदी चित्रपटांतील गीतांच्या धुना ज्या वाद्यावर आपल्याकडे घरोघर ऐकल्या गेल्या, त्याच कुळांतली. त्या पिकअपचें वेटोळें एकच होतें, आणि पुढील वीस-पंचवीस वर्षें सर्वांनीं एकच ठेवलें. आवाज मोकळा व झणझणीत, परंतु गुणगुण संगतीला कायमची.

अमेरिकेंतील कलामझू गांवीं गिब्सन कंपनीचा कारखाना होता. तेथील सेथ लव्हर हा मूळचा रेडिओच्या धंद्यांतला माणूस. त्यानें १९५५ सालीं जो पिकअप सिद्ध केला त्यांत दोन वेटोळीं शेजारींशेजारीं असून खालीं एकच चुंबक आडवा ठेवलेला होता. त्याचें उत्तर टोंक एका वेटोळ्याला व दक्षिण टोंक दुसऱ्याला. वेटोळीं एकमेकांच्या उलट जोडलेलीं. बाहेरची गुणगुण चुंबकाला ओळखत नाहीं. ती दोहोंत सारखी शिरते आणि उलट जोडणीमुळें खोडली जाते. गिटारीच्या पोलादी तारेच्या कंपनानें होणारा प्रवाह मात्र चुंबकाच्या पालटलेल्या टोंकामुळें एकदां उलटतो व जोडणीमुळें पुन्हां उलटतो. म्हणून तो खोडला न जातां दुणावतो. त्याच सुमारास रे बट्स नांवाच्या दुसऱ्या एका गृहस्थानें ग्रेच कंपनीसाठीं हीच गोष्ट स्वतंत्रपणें साधली. दोघांनाही पेटंट मिळालें तें १९५९ सालीं. तोंपर्यंत गिब्सनच्या पिकअपखालीं ‘पेटंटसाठीं अर्ज केला आहे’ एवढ्याच मजकुराची चिठ्ठी असे. पुढें क्रमांक छापण्याची वेळ आली तेव्हां कंपनीनें भलत्याच पेटंटाचा, तारा अडकविण्याच्या एका पट्टीचा, क्रमांक छापला. ती चूक होती कीं नक्कल करणाऱ्यांस चकविण्याची युक्ति होती, यावर शौकीन लोक अजून वाद घालतात.

त्या चिठ्ठीवाल्या पिकअपांची आज जी पूजा चालते तिचें मूळ मजेदार आहे. प्रत्येक वेटोळ्याला सुमारें ०.०६ मिलिमीटर जाडीच्या तांब्याच्या तारेचे पांच हजारांच्या आसपास वेढे घालावयाचे. परंतु प्रारंभींचीं यंत्रें ठराविक संख्येवर आपोआप थांबणारीं नव्हतीं. कामकरणीनें अंदाजानें थांबवावें. त्यामुळें एका वेटोळ्यांत वेढे जास्त, दुसऱ्यांत कमी. चुंबकही ॲल्युमिनियम, निकेल व कोबाल्ट यांच्या मिश्रणाचे, ज्यांना ॲल्निको म्हणतात ते, पण निरनिराळ्या प्रतींचे वापरले जात. वेटोळीं असमान झालीं कीं गुणगुण पुरती खोडली जात नाहीं, परंतु आवाजांतील थोडी धारही खोडली जाण्यापासून वांचते. कारखान्याच्या दृष्टीनें जो दोष, तो पुढच्या पिढीच्या कानाला गुण वाटला. १९६६ सालीं एरिक क्लॅप्टन यानें जॉन मेयॉलच्या मंडळींत अशा गिटारीवर जें वादन केलें, त्यानंतर या जुन्या पिकअपांना मागणी आली. आणि त्यांचेसाठीं चांगल्या गिटारी उकलण्याचा अघोरी प्रकारही सुरू झाला.

जुना माल पुरेना, तेव्हां नवा बदलीचा माल निघाला. १९७२ सालीं न्यू यॉर्कच्या लॅरी डिमार्झिओ यानें ‘सुपर डिस्टॉर्शन’ हा हम्बकर विकावयास काढला. जुन्याचा रोध सुमारें ८ हजार ओहम, तर याचा १३ हजारांहून अधिक, चुंबक सिरॅमिक. हा मुळीं जुन्याची नक्कल नव्हता. ध्वनिवर्धकावर अधिक भार टाकून आवाज फाटावा हाच त्याचा हेतु होता. चार वर्षांनीं कॅलिफोर्नियांत सीमूर डंकन यानें आपलें दुकान थाटलें व जुन्या पिकअपांच्या हुबेहूब प्रतिकृतीही विकल्या. वेटोळीं मुद्दाम असमान गुंडाळण्याचें शास्त्र येथून तयार झालें. पुढें खुद्द गिब्सननेंही तेंच केलें.

आपल्याकडे ही निवड बराच काळ कोणाच्या हातींच नव्हती. १९९१ पूर्वीं परदेशी मालावर परवाने आणि जबर जकात यांचा पहारा असे. १९८४ सालीं मुंबईंत उभ्या राहिलेल्या ‘रॉक मशीन’ या वाद्यवृंदांत महेश तिनईकर गिटार वाजवीत, त्या काळीं चांगलें वाद्य मिळविणें हाच एक पराक्रम होता. त्यांतला पिकअप बदलणें ही चैनीची गोष्ट. आज ठाण्याच्या वादकाला घरबसल्या शेंकडों नमुने मागवितां येतात. गोंधळ उडतो तो यामुळेंच.

पुष्कळांचा पहिला प्रमाद असा कीं, ते रोधाचा आंकडा पाहून खरेदी करतात. आंकडा मोठा तर आवाज मोठा, अशी समजूत. परंतु तार किंचित् बारीक घेतली तर तेवढ्याच वेढ्यांत रोध वाढतो. आवाज त्या मानानें वाढत नाहीं. वेढे खरोखरच वाढविले तर जोर येतो, पण वरच्या स्वरांची चमक बोथट होते. ज्याची गिटार मुळांतच जड व दबक्या आवाजाची आहे, त्यानें जोरकस सिरॅमिक हम्बकर बसविला तर त्या आवाजावर घोंगडें पडतें. त्याला सौम्य ॲल्निकोचा, कमी वेढ्यांचा अधिक मानवेल. तारांमधील अंतराचाही विचार हवा. दोन प्रचलित मापांत सुमारें २ मिलिमीटरांचा फरक असतो. वेटोळीं मेणांत बुडविलेलीं आहेत कीं नाहींत हें पाहावें. नसल्यास मोठ्या आवाजांत तीं किंचाळतात. आणि गिटारीवरील आवाजाची चावी २५० हजार ओहमची असेल तर ती बदलून ५०० हजारांची घातल्यानें अल्प खर्चांत जो फरक पडतो, तो ऐकून कित्येकांचा पिकअप घेण्याचा बेतच रहित होईल.

त्याहूनही महत्त्वाची गोष्ट अर्थिंगची. हम्बकर असूनही गिटार गुणगुणते आणि तारांना हात लावतांच गप्प होते, असें असेल तर नवा पिकअप आणून कांहीं साधावयाचें नाहीं. गिटारीच्या आंतील जोडणी उघडी पडली असेल, किंवा घराच्या प्लगमध्यें अर्थिंगच नसेल. जुन्या चाळींतून तिसरें भोंक केवळ शोभेचें असतें. डिमार्झिओचा पिकअप बाजारांत आला त्याच वर्षीं, ३ मे १९७२ रोजीं, वेल्समधील स्वान्सी येथें लेस हार्वी हा गिटारवादक रंगमंचावर मृत्यु पावला. एका हातीं गिटारीच्या तारा आणि दुसऱ्या हातीं अर्थिंग नसलेला मायक्रोफोन. तेव्हां दुकानाची वाट धरण्यापूर्वीं वायरमनला बोलावून घरचा प्लग तपासून घ्यावा.

एवढें करूनही ज्याला पिकअप बदलावयाचाच आहे, त्यानें काढलेला मूळचा पिकअप टाकूं नये. तार न तोडतां सोल्डर सोडवून, कागदांत गुंडाळून ठेवावा. गिटार विकतांना गिऱ्हाईक तो मागतें. नव्याची तार चार पदरांची मिळाली तर उत्तम, कारण एक छोटी कळ बसवून दोहोंपैकीं एक वेटोळें बंद करतां येतें. तसें केलें कीं १९३१ सालचा तो मोकळा, झणझणीत आवाज पुन्हां ऐकूं येतो. अनेक वादक तेवढ्यासाठीं जादा पैसे मोजतात. कळ फिरते, आणि डोंबिवलीचा तो पन्नास आंदोलनांचा स्वर त्याच क्षणीं खोलींत परत येतो.