फलनाविना बी : झाशीतील गवतांचे संशोधन आणि शेतकऱ्याचा बियाण्यावरील हक्क

संकरित वाणाचे बियाणे शेतकऱ्याला दर हंगामात नव्याने विकत घ्यावे लागते. पिकातून राखून ठेवलेले बी पुढच्या वर्षी पेरले, तर मूळ वाणाचे गुण टिकत नाहीत. निसर्गात मात्र अशी काही गवते आहेत, की त्यांच्या बियांपासून पिढ्यान्‌पिढ्या मातृरोपाची हुबेहूब प्रतच उगवते. या गुणधर्माला ‘अ‍ॅपोमिक्सिस’, म्हणजे फलनाविना भ्रूणनिर्मिती, असे म्हणतात. उत्तर प्रदेशातील झाशी येथे या गुणधर्माचा अनेक वर्षे अभ्यास होत आला आहे. हा गुण अन्नधान्याच्या पिकांत कायमचा उतरला, तर बियाण्याच्या व्यवहाराचे स्वरूपच बदलू शकेल.

झाशीची संस्था

राणी लक्ष्मीबाईंमुळे मराठी माणसाला जवळच्या वाटणाऱ्या झाशीत, ग्वाल्हेर रस्त्यावर, भारतीय कुरण व चारा संशोधन संस्था आहे. १९६२ मध्ये स्थापन झालेली ही संस्था १९६६ मध्ये भारतीय कृषी संशोधन परिषदेच्या अखत्यारीत आली. चारा पिकांच्या अखिल भारतीय समन्वित संशोधन प्रकल्पाचे मुख्यालयही येथेच आहे. महाराष्ट्रातील राहुरीचे महात्मा फुले कृषी विद्यापीठ व उरुळी कांचन येथील ‘बाएफ’ ही या प्रकल्पाशी जोडलेली केंद्रे होत.

बुंदेलखंडातील पाऊस लहरी, जमीन हलकी आणि गुरांची संख्या मोठी. त्यामुळे कमी पाण्यात तग धरणारी बहुवर्षायू गवते हा संस्थेच्या कामाचा गाभा राहिला आहे. मूळचे आफ्रिकेतील गिनी गवत, तसेच महाराष्ट्रातील कुरणांतही आढळणारी अंजन व मारवेल ही गवते अ‍ॅपोमिक्सिसच्या मार्गाने बी धरतात.

अ‍ॅपोमिक्सिस म्हणजे काय?

सर्वसाधारण वनस्पतीत बीजांडातील एका पेशीचे अर्धसूत्री विभाजन होते व गुणसूत्रांची संख्या निम्मी होते. पुढे परागाशी संयोग झाला, की ती पूर्ववत होऊन भ्रूण तयार होतो. या क्रियेत माता व पित्याच्या जनुकांची नव्याने मांडणी होत असल्याने प्रत्येक बी वेगळे असते. संकरित वाणाचे बी पुन्हा पेरल्यावर पीक एकसारखे राहत नाही, त्याचे कारण हेच होय.

अ‍ॅपोमिक्सिसमध्ये ही दोन्ही पावले टाळली जातात. गिनी गवतात बीजांडातील एक साधी कायिक पेशी पुढे सरसावते आणि तिच्यापासून, गुणसूत्रे निम्मी न होता, भ्रूणकोश बनतो. त्यातील अंडपेशी परागाच्या संयोगाविना भ्रूणात रूपांतरित होते. भ्रूणाला अन्न पुरविणाऱ्या भ्रूणपोषासाठी मात्र परागण आवश्यक असते. सूक्ष्मदर्शकाखाली हा फरक ओळखता येतो. नेहमीच्या भ्रूणकोशात आठ केंद्रके असतात, तर गिनी गवताच्या अशा भ्रूणकोशात चारच आढळतात.

या गुणाची दुसरी बाजू म्हणजे पैदासकाराची अडचण. मादीरोप परागाचे गुण स्वीकारतच नसेल, तर नवा वाण निर्माण करायचा कसा? त्यासाठी लैंगिक पद्धतीने बी धरणारी दुर्मीळ रोपे शोधावी लागतात. गिनी गवताची अशी रोपे पूर्व आफ्रिकेत सापडली. झाशीच्या शास्त्रज्ञांनी संकरांतून निरनिराळ्या गुणसूत्रसंख्यांची रोपे तयार केली आणि गुणसूत्रे निम्मी न होणे व फलनाविना भ्रूण होणे हे दोन घटक एकमेकांपासून वेगळे करता येतात काय, याचा शोध घेतला.

मेंडेलला न सुटलेले कोडे

आनुवंशिकतेचे नियम मांडणाऱ्या ग्रेगोर मेंडेललाही या गुणाने चकविले होते. वाटाण्यावरील निष्कर्ष १८६६ मध्ये प्रसिद्ध केल्यानंतर त्याने हॉकवीड या रानवनस्पतीवर प्रयोग केले. १८६९ मध्ये त्याने ते सादर केले. वाटाण्यात संकराची संतती निरनिराळ्या गुणांत विभागली जात होती, हॉकवीडमध्ये मात्र ती संकरासारखीच निघत होती. या वनस्पतीत फलनाविना बी तयार होते, हे विसाव्या शतकाच्या आरंभी स्पष्ट झाले.

गवतापासून भातापर्यंत

२०१५ मध्ये अमेरिकेतील जॉर्जिया विद्यापीठाच्या शास्त्रज्ञांनी बाजरीच्या एका रानटी नातेवाईक गवतातील जनुक बाजरीत घातले. त्यामुळे बाजरीची अंडपेशी फलनाविना भ्रूण बनवू लागली. डिसेंबर २०१८ मध्ये कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या डेव्हिस येथील संशोधकांनी भातात दोन उपाय एकत्र केले. तीन जनुके निष्क्रिय करून अर्धसूत्री विभाजन टाळले आणि ‘बेबी बूम’ गटातील जनुक अंडपेशीत कार्यान्वित केले. त्यातून मातृरोपाची प्रत असलेले बी मिळाले, परंतु त्याचे प्रमाण मर्यादित होते. जानेवारी २०१९ मध्ये चीनमधील संशोधकांनी बाहेरचे जनुक न घालता, केवळ चार जनुके संपादित करून असेच बी मिळविले. त्या रोपांना दाणे मात्र फार कमी भरले. डिसेंबर २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका आंतरराष्ट्रीय प्रयोगात संकरित भाताच्या ९५ टक्क्यांहून अधिक बिया मातृरोपाच्या प्रती निघाल्या आणि हा गुण पुढील पिढ्यांतही टिकला.

भारतातील कायदा

वनस्पती वाण संरक्षण व शेतकरी हक्क अधिनियम, २००१ च्या कलम ३९ नुसार शेतकरी संरक्षित वाणाचेही बी राखू शकतो, पुन्हा पेरू शकतो, त्याची देवाणघेवाण व विक्री करू शकतो. नाममुद्रेखाली बी विकण्यास तेवढी मनाई आहे. उगवणशक्ती नष्ट करणारे ‘टर्मिनेटर’ तंत्रज्ञान असलेल्या वाणाची नोंदणीही हा कायदा नाकारतो.

संकरित वाणाबाबत मात्र हा हक्क कागदावरच राहतो, कारण राखलेल्या बियांत मूळ गुण येत नाहीत. महाराष्ट्रातील कापूस उत्पादकांना याचा अनुभव आहे. मार्च २००२ मध्ये बीटी कापसाला मान्यता मिळाली, ती जालन्याच्या ‘महिको’ कंपनीच्या तीन संकरित वाणांना. पुढेही देशात हे तंत्रज्ञान मुख्यतः संकरित वाणांच्या रूपानेच पसरले, सरळ वाणांच्या नव्हे.

अ‍ॅपोमिक्सिसयुक्त पीक भारतात आणावयाचे झाल्यास पद्धतीनुसार नियम बदलतील. ३० मार्च २०२२ च्या आदेशाने, बाहेरचे जनुक शिल्लक नसलेल्या ठरावीक जनुक-संपादित वनस्पतींना जनुकीय अभियांत्रिकी मूल्यांकन समितीच्या मंजुरीतून सूट देण्यात आली. मे २०२५ मध्ये जाहीर झालेले जनुक-संपादित भाताचे दोन भारतीय वाण याच मार्गाने आले. जनुक बाहेरून घातलेले असेल, तर मात्र समितीची मंजुरी अनिवार्य ठरते. तो मार्ग खडतर आहे. बीटी वांग्याला फेब्रुवारी २०१० मध्ये स्थगिती मिळाली, तर जनुकीय मोहरीबाबत जुलै २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या दोन न्यायमूर्तींत मतभेद झाले.

धोके व प्रश्न

पहिला धोका एकसारखेपणाचा. विस्तीर्ण क्षेत्रावर एकाच रोपाच्या प्रती असतील, तर एखादा रोग सर्वत्र पसरू शकतो. १९७० च्या दशकात संकरित बाजरीवर आलेल्या गोसावी, अर्थात केवडा रोगाने याची जाणीव करून दिली होती. दुसरा धोका परागाचा. अशा रोपांचा पराग कार्यक्षम असल्यास हा गुण शेजारच्या पिकांत व रानटी जातींत जाऊ शकतो.

तिसरा प्रश्न मालकीचा आहे. १९९८ मध्ये इटलीतील बेलाजिओ येथे एकत्र आलेल्या शास्त्रज्ञांनी, अ‍ॅपोमिक्सिस तंत्रज्ञान लहान शेतकऱ्यांना व गरीब देशांना खुले राहावे, असे जाहीरनाम्याद्वारे आवाहन केले होते. त्याच वर्षी अमेरिकेत ‘टर्मिनेटर’ तंत्रज्ञानाला पेटंट मिळाले. एक तंत्रज्ञान बियाणे शेतकऱ्याच्या हाती ठेवू शकते, तर दुसरे ते काढून घेते.

संकरित बियाण्याच्या विक्रीवर चालणाऱ्या कंपनीला, एकदाच विकत घेतले जाणारे बियाणे तयार करण्यात स्वारस्य असण्याचे कारण नाही. त्यामुळे हे काम बहुतांशी सार्वजनिक निधीवर चालणाऱ्या विद्यापीठांवर आणि झाशीसारख्या संस्थांवर अवलंबून राहते. कलम ३९ ने दिलेला हक्क संकरित वाणाच्या शेतकऱ्याला प्रत्यक्ष वापरता यावयाचा असेल, तर असे वाण सार्वजनिक संस्थांनी विकसित करणे आणि त्यांच्या पेटंटच्या अटी आधीच ठरविणे आवश्यक ठरेल.