पेरणाऱ्याची मूठ : ‘ब्रॉडकास्ट’ या क्रियापदाची कथा

लंडनमधील ‘ब्रॉडकास्टिंग हाउस’ ही ब्रिटिश नभोवाणीची इमारत १९३२ सालीं खुली झाली. तिच्या प्रवेशदालनांत एरिक गिल या शिल्पकारानें घडविलेली एक पाषाणमूर्ति उभी आहे. विद्युत्, ध्वनि किंवा यंत्र यांची कोणतीहि खूण तिच्यावर नाहीं. बियाणें घेऊन तें मुठीनें फेकणारा तो एक साधा शेतकरी आहे. बीजाची वाढ करणारा परमेश्वर, अशा अर्थाचे लॅटिन शब्द त्याच्या खालीं कोरलेले आहेत. नभोवाणीच्या दारांत शेतकऱ्याचें काय काम, असा प्रश्न पाहणारास सहज पडावा. त्याचें उत्तर त्या इमारतीच्या नांवांतच आहे.

‘ब्रॉड’ म्हणजे रुंद आणि ‘कास्ट’ म्हणजे फेकणें. बीं शेतभर ऐसपैस फेकून पेरणें, हाच ‘ब्रॉडकास्ट’ या इंग्रजी क्रियापदाचा वाच्यार्थ. मराठी शेतकरी याला बीं फोकणें म्हणतो. कोंकणांत भाताच्या रोपासाठीं तें असेंच फोकतात. नवलाची गोष्ट ही कीं, हा शब्द पेरणीइतका जुना नाहीं. पेरणें म्हणजेच फेकणें, असें जोंवर होतें, तोंवर त्या कृतीला निराळें नांव लागलें नसावें. १७०१ च्या सुमारास जेथ्रो टल या इंग्रज गृहस्थानें ओळींत व ठराविक खोलीवर बीं सोडणारें यंत्र रचिलें. फेकीव पेरणींत बियाण्याचा फार नाश होतो, हें त्याचें म्हणणें. त्यानंतर अठराव्या शतकाच्या उत्तरार्धांत जुन्या रीतीचें वेगळेपण सांगणारा हा शब्द शेतकीच्या लेखनांत दिसूं लागतो. टलचें यंत्र इंग्लंडांत नवें असलें तरी हिंदुस्थानास ती कल्पना नवी नव्हती. पाभर आणि तिफण येथील शेतकऱ्याच्या हातीं पूर्वापार होती. कॅप्टन हॅलकॉट या अधिकाऱ्यानें अठराव्या शतकाच्या अखेरीस दक्षिणेंत तशीं अवजारें पाहिलीं, तेव्हां ही युरोपची अर्वाचीन युक्ति असा आपला समज चुकीचा होता, हें त्यानें मोकळेपणानें लिहून ठेविलें.

वाच्यार्थामागोमाग लक्ष्यार्थ आलाच. अफवा, निंदा, नवीं मतें, छापील पत्रकें, हें सारें इंग्रजी लेखक एकोणिसाव्या शतकांत ‘ब्रॉडकास्ट’ करूं लागले. या प्रयोगांत पुष्कळदां किंचित् नापसंतीची छटा असे. कारण जो कोठें पडेल तें न पाहतां फेकतो, त्याला शहाणा कोण म्हणणार?

हाच आक्षेप बिनतारी संदेशावरहि होता. मार्कोनीला हवा होता तारेसारखा संदेश, एकानें पाठवावा आणि एकानेंच घ्यावा असा. लहरी मात्र चहूंकडे पसरत आणि ज्याच्यापाशीं यंत्र असेल त्याला सांपडत. हा त्या विद्येचा मोठा दोष समजला जाई. १९०३ सालीं लंडनच्या रॉयल इन्स्टिट्यूशनमध्यें प्राध्यापक फ्लेमिंग या पद्धतीचें प्रात्यक्षिक दाखवीत असतां नेव्हिल मॅस्कलिन या जादुगारानें जवळूनच आपल्या यंत्रावरून मार्कोनीची टवाळी करणारे संदेश त्यांत घुसविले. गुप्ततेचा डौल एका सायंकाळींच उतरला.

पुढें जें घडलें तें मात्र कोणाच्या फारसें ध्यानांत नव्हतें. २ नोव्हेंबर १९२० रोजीं अमेरिकेंतील पिट्सबर्ग येथील केंद्रानें अध्यक्षीय निवडणुकीचे निकाल, ज्याला ऐकूं येतील त्या सर्वांसाठीं, वाऱ्यावर सोडले. दोष होता तोच गुण ठरला आणि त्या गुणाला शोभेल असा शब्द शेतांत तयारच होता. १९२२ सालीं ब्रिटिश ब्रॉडकास्टिंग कंपनी स्थापन झाली, तेव्हां तो कायमचा रूढ झाला. भूतकाळीं ‘ब्रॉडकास्ट’ म्हणावें कीं ‘ब्रॉडकास्टेड’, यावर इंग्रजी विद्वानांनीं कांहीं काळ शाई खर्च केली. अखेर ‘कास्ट’चें जुनें न बदलणारें रूपच बव्हंशीं टिकलें.

मुंबईस २३ जुलै १९२७ रोजीं इंडियन ब्रॉडकास्टिंग कंपनीचें केंद्र सुरू झालें. ती कंपनी १९३० सालीं बुडाली आणि कारभार सरकारकडे गेला. परंतु या क्रियापदाचें खरें बळ याच शहरांत १९४२ सालीं दिसलें. ऑगस्टच्या चळवळींत उषा मेहता व त्यांचे सहकारी गुप्त काँग्रेस रेडिओ चालवीत आणि पोलिसांना चुकविण्यासाठीं जागा बदलीत असत. नोव्हेंबरांत धाड पडली, यंत्रें जप्त झालीं, चालकांना शिक्षा झाल्या. पेरणाऱ्याचा हात सांपडला; बीं कोणाकोणाच्या घरीं पडलें, तें सरकारला वेंचून काढतां आलें नाहीं.

मराठीनें या शब्दासाठीं ध्वनिक्षेपण, प्रसारण, नभोवाणी असे अनेक प्रतिशब्द घेतले. क्षेपणांत फेकणें राहिलें, पण बीं गळालें. प्रसारणांत तर मूठहि गेली. १९५७ सालीं सरकारी नभोवाणीनें आकाशवाणी हें नांव स्वीकारलें. पुराणांतील आकाशवाणी एका कंसाला उद्देशून झाली होती. ऐकली मात्र रथांतल्या देवकी-वसुदेवांनींहि.