तसबिरीतील तुकोबा : विष्णुपंत पागनीस यांची कारकीर्द

हैदराबादच्या सुलतान बाजारात व त्याच्या आसपास जी मराठी घरे आहेत, त्यांच्या देवघरात विठोबा-रखुमाई असली म्हणजे जवळच्या भिंतीवर तुकोबांची एखादी तसबीर असणे हे ओघानेच येते. डोईस पागोटे, कपाळी गंध, गळ्यात तुळशीची माळ, हाती वीणा आणि जगाकडे पाहूनही जगापलीकडे लागलेली दृष्टी! सकाळी देवाला वाहिलेल्या फुलांतले एक फूल या तसबिरीलाही मिळते. हा रिवाज चांगला आहे. त्यात दोष काढण्याचा आमचा मुळीच हेतू नाही. परंतु ज्या मुखाला आपण हात जोडतो ते मुख कोणाचे, हा प्रश्न इतिहासाच्या अभ्यासकाने एकदा तरी विचारावयास हवा.

तुकोबांचे वैकुंठगमन सतराव्या शतकाच्या मध्याचे. फाल्गुन वद्य द्वितीया ही तिथी आपण आजतागायत पाळतो. त्यांचे अभंग आपल्यापाशी आहेत, देहू आहे, इंद्रायणी आहे. परंतु त्यांच्या हयातीत त्यांना समोर बसवून काढलेले, सर्वमान्य ठरलेले असे चित्र नाही. न्यायालयात ज्याला प्रत्यक्ष पुरावा म्हणतात, तो या मुखाच्या बाबतीत उपलब्ध नाही. मग आज प्रचारात असलेल्या अनेक तसबिरींतील हा ओळखीचा चेहरा आला कोठून? तो आला १९३६ साली, पुण्याच्या प्रभात फिल्म कंपनीच्या ‘संत तुकाराम’ या बोलपटातून. आणि तो विष्णुपंत पागनीस या नटाचा आहे.

पागनीसांचा जन्म १८९२ सालचा, चिकोडीचा. हे गाव त्या वेळी मुंबई इलाख्यात होते, आज कर्नाटकात आहे. मराठी आणि कानडी एकाच ओसरीवर नांदतात असा तो मुलूख. लहानपणीच ते नाटक कंपनीत शिरले आणि गोड गळ्यामुळे स्त्रीभूमिकांसाठी नावाजले. त्या काळी रंगभूमीवर स्त्रियांची कामे पुरुषच करीत, हे वाचकांस सांगावयास नको. तथापि, ज्याने तारुण्यात नायिकेचे पदर सावरले, त्याच्याकडून पुढे देहूचा संसारी, विरक्त वाणी उभा राहील, असे भाकीत त्या वेळी कोणी केले असते तर ऐकणारा हसला असता.

येथे एक दाखला डोळ्यांसमोर ठेवण्यासारखा आहे. ‘संत तुकाराम’च्या आदल्याच वर्षी, १९३५ साली, प्रभातने ‘धर्मात्मा’ काढला. दिग्दर्शक व्ही. शांताराम, आणि पैठणच्या एकनाथ महाराजांच्या भूमिकेत साक्षात बालगंधर्व. चित्रपटाचे मूळ नाव ‘महात्मा’ होते; त्यात गांधीजींचा संकेत दिसतो म्हणून परिनिरीक्षकांनी हरकत घेतली आणि नाव बदलावे लागले. बालगंधर्वांच्या थोरवीविषयी वाद नाही. परंतु ज्यांची भामिनी आणि सिंधू घरोघर ठाऊक, त्यांना पाहताना प्रेक्षकांस एकनाथांच्या आधी बालगंधर्वच दिसत असावेत, असे आमचे अनुमान आहे. पागनीसांचे नाव तेवढे मोठे नव्हते. त्यांचा चेहरा मोकळा होता, म्हणूनच तुकोबांना त्यात वस्तीस येता आले.

‘संत तुकाराम’चे दिग्दर्शक दोघे, विष्णुपंत दामले आणि शेख फत्तेलाल. पटकथा शिवराम वाशीकरांची, संगीत केशवराव भोळे यांचे. जिजाई झालेली गौरी ही प्रभातमध्ये किरकोळ कामे करणारी बाई होती. तिने म्हैस आणि चूल सांभाळणारी, देवाशी उघड भांडणारी अशी गृहिणी उभी केली की विद्वानांनीही तोंडात बोट घालावे. मुंबईत हा बोलपट एका चित्रगृहात वर्षभराहून अधिक काळ चालला, आणि १९३७ साली इटलीतील व्हेनिसच्या चित्रपट महोत्सवात त्याचा गौरव झाला. सातासमुद्रापलीकडच्या परीक्षकांना मराठी येत नव्हते, पंढरी ठाऊक नव्हती. तरीही काहीतरी त्यांच्यापर्यंत पोहोचले.

ते काहीतरी म्हणजे पागनीसांचा संयम, असे आम्हांस वाटते. पडद्यावरचा त्यांचा तुकोबा हातवारे करीत नाही, आवाज चढवीत नाही, चमत्कार घडला तरी चकित होत नाही. तो बोलता बोलता गाऊ लागतो आणि गाता गाता पुन्हा कामाला लागतो. बोलणे कोठे संपले आणि अभंग कोठे सुरू झाला हे कळतही नाही. याच्या उलट सालोमालोचे पात्र पाहावे. तुकोबांचेच शब्द तो चोरतो, त्यावर आपले नाव घालतो आणि ताना-मुरक्यांनी सजवून देवळात म्हणतो. भक्ती कोणती आणि भक्तीचे प्रदर्शन कोणते, हे त्या दोन गळ्यांनी जसे सांगितले तसे एखाद्या प्रवचनालाही साधणे कठीण.

याच चित्रपटात शांताराम आठवले यांनी एक अभंग लिहिला. तो इतका तुकोबांच्या वळणाचा उतरला की, पुष्कळांनी तो अस्सल समजून गाथेत शोधला! कायद्याच्या दृष्टीने पाहता हा प्रकार मोठा गमतीचा आहे. पडद्यावर सालोमालो तुकोबांची रचना आपल्या नावावर चढवतो. पडद्याबाहेर लोकांनी आठवल्यांची रचना तुकोबांच्या नावावर चढवली. पहिली चोरी होती. दुसरीत कोणी कोणाला फसवले नाही. तरी एका कवीचे नाव लोकांच्या तोंडून गळून पडले, एवढे मात्र खरे.

पागनीसांच्या मुखाचे तेच झाले. १९३६ नंतर त्यांना आयुष्याची केवळ सात वर्षे मिळाली. १९४३ साली त्यांचे निधन झाले. या सात वर्षांतील त्यांच्या गाजलेल्या भूमिका पाहाव्या : ‘संत तुलसीदास’ (१९३९), ‘नरसी भगत’ (१९४०), ‘महात्मा विदुर’ (१९४३). सगळे संत, सगळे भक्त. ज्याने रंगभूमीवर शृंगार आणि करुण हे रस आळवले होते, त्याला लोकांनी पुन्हा माळ उतरवू दिली नाही. संताच्या रूपाने त्यांना कीर्ती दिली आणि त्यांच्यातील नटाचे इतर सर्व दरवाजे लावून घेतले. नटाच्या दृष्टीने ही मिळकत की नुकसान, याचा निवाडा आम्ही करू धजत नाही.

कोणी म्हणेल, नटाला देव मानणे ही आपल्याकडे जुनीच चाल आहे. होय, आहे. गोव्यात पेडण्याकडे आणि सावंतवाडीच्या मुलखात देवळाच्या जत्रेत रात्रभर दशावतार चालतो. विष्णूचे सोंग आले की म्हातारी माणसे हात जोडतात. परंतु पहाटे तो नट विहिरीवर तोंड धुतो, रंग उतरतो, आणि रात्रीचा विष्णू सकाळी कोणाचा तरी काका किंवा मामा होऊन चहा पितो. सोंगाला सुरुवात आहे तसा शेवट आहे, आणि हे नमस्कार करणाऱ्यासही ठाऊक असते. चित्रपटाने ही पहाटच काढून टाकली. दादासाहेब फाळक्यांच्या ‘लंकादहना’त (१९१७) अण्णा साळुंके यांनी राम आणि सीता या दोन्ही भूमिका केल्या, पडद्यावर राम येताच लोक पायताण काढीत, असे सांगतात. पडद्यावरचा रंग धुतला जात नाही. नट मरतो, सोंग जिवंत राहते. पागनीस जाऊन आठ दशके लोटली. त्यांचे सोंग अजून भिंतीवर आहे.

पुढे दूरदर्शनने हीच गोष्ट घराच्या बैठकीत आणली. ‘महाभारत’ मालिकेत (१९८८ ते १९९०) श्रीकृष्ण झालेले नितीश भारद्वाज हे आपलेच मराठी नट. १९९६ साली ते जमशेदपूरहून लोकसभेवर निवडून गेले. मतदारांनी त्यांच्यात काय पाहिले, हे मतदारच जाणोत. परंतु मुकुटाची स्मृती मुकुट उतरल्यावरही माणसाबरोबर चालते, एवढे त्यावरून दिसते.

आता पुन्हा सुलतान बाजाराकडे वळू. ज्या पैठण, आपेगाव, नरसी, गंगाखेडच्या मातीत एकनाथ, ज्ञानेश्वर, नामदेव आणि जनाबाई जन्मास आल्या, ती सर्व गावे १९५६ पर्यंत हैदराबाद राज्यात होती. राज्य विभागले गेले, मराठवाडा निघून गेला, आणि येथील मराठी माणूस तेलुगू राज्यात राहिला. त्याच्या शेजाऱ्याच्या घरी डोकावून पाहावे. तेलुगूतही ‘भक्त तुकाराम’ नावाचा चित्रपट १९७३ साली निघाला. त्यात तुकोबा झाले अक्किनेनी नागेश्वरराव. तेव्हा एकाच गल्लीत, एका भिंतीच्या अलीकडे तुकोबांचे मुख पागनीसांचे आणि पलीकडे अक्किनेनींचे. त्यानंतर २०१२ च्या मराठी ‘तुकाराम’मध्ये जितेंद्र जोशी यांनी ती भूमिका केली, आजच्या मुलांना कदाचित तेच तुकोबा वाटतील. साक्षीदार तीन, आणि प्रत्येकाचे वर्णन निराळे! अशा वेळी न्यायाधीश म्हणेल की, मुखाविषयी काहीच सिद्ध झाले नाही. आणि तेच योग्य आहे. कारण तुकोबांचा दावा मुखावर कधी उभाच नव्हता, तो शब्दावर उभा होता.

मग ती तसबीर उतरवावी काय? मुळीच नको. मूर्ती घडवणारा पाथरवट कोण, हे कळल्याने देवाचे देवपण उणावत नाही. उलट पाथरवटाचे ऋण लक्षात राहते. रविवर्म्याच्या छापखान्यातून निघालेल्या लक्ष्मी-सरस्वतीला आपण नमस्कार करतो, तसाच पागनीसांच्या तुकोबांनाही करावा. आमचे मागणे एवढेच की, घरातल्या वडीलधाऱ्यांनी मुलांना दोन्ही गोष्टी सांगाव्या : हे तुकाराम महाराज आहेत, आणि हे चिकोडीचे विष्णुपंत पागनीस आहेत. पहिली गोष्ट श्रद्धेची, दुसरी सत्याची. खरे-खोटे निवडण्याची साक्ष ज्यांनी जन्मभर दिली, त्या तुकोबांच्या भक्तांस या दोहोंपैकी एकीची लाज वाटण्याचे कारण नाही. ज्या नटाने स्वतःचे मुख एका संताला कायमचे देऊन टाकले, त्याला निदान त्याचे नाव तरी परत मिळावे.