श्वेतकोशिकार्बुद : जनुकभेद व प्रथिने

अस्थिमज्जेत तयार होणाऱ्या श्वेत रक्तकोशिकांच्या अनिर्बंध वाढीमुळे उद्भवणारा कर्करोग. व्यवहारात त्यास ‘रक्ताचा कर्करोग’ म्हणतात. जनुकातील बदल, त्यामुळे निर्माण होणारे प्रथिन व त्या प्रथिनास रोखणारे औषध यांचा संबंध प्रथम याच्या चिरकारी (दीर्घकाल चालणाऱ्या) मज्जाजन्य प्रकारात स्पष्ट झाला.

पीटर नोवेल व डेव्हिड हंगरफर्ड यांना १९६० मध्ये फिलाडेल्फिया येथे अशा रुग्णांच्या कोशिकांत एक आखूड रंगसूत्र आढळले. क्रमांक ९ व २२ या रंगसूत्रांच्या तुकड्यांची अदलाबदल हे त्याचे कारण असल्याचे जॅनेट राउली यांनी १९७३ मध्ये दाखविले. या अदलाबदलीत ‘बीसीआर’ व ‘एबीएल’ ही जनुके जोडली जातात. संयुक्त जनुकापासून बनणारे प्रथिन टायरोसीन कायनेज हे एंझाइम म्हणून अखंड कार्यरत राहते. त्यामुळे कोशिकाविभाजनावर नियंत्रण राहत नाही. या प्रथिनास रोखणाऱ्या इमॅटिनिब या औषधास २००१ मध्ये अमेरिकेत मान्यता मिळाली. तथापि प्रथिनातील ३१५ व्या स्थानी थ्रिओनिनाऐवजी आयसोल्युसीन आल्यास हे औषध निष्प्रभ ठरते.

महाराष्ट्रात कर्करोगाच्या मूलभूत संशोधनास मुंबईच्या ‘इंडियन कॅन्सर रिसर्च सेंटर’ मध्ये (स्थापना १९५२) वसंत रामजी खानोलकर यांच्या नेतृत्वाखाली चालना मिळाली. तेथे कमल रणदिवे यांनी ऊतकसंवर्धनाची प्रयोगशाळा उभारली व प्राण्यांतील कर्करोगांबरोबर श्वेतकोशिकार्बुदाचाही अभ्यास केला. पुढे बी-कोशिकांच्या पृष्ठभागावरील ‘सीडी १९’ या प्रथिनास लक्ष्य करणारी कोशिकोपचार पद्धती आयआयटी मुंबई व टाटा स्मारक केंद्र यांच्या सहकार्याने विकसित झाली. तिला २०२३ मध्ये भारतात मान्यता मिळाली.

इमॅटिनिबच्या एका स्फटिकरूपाचे एकस्व सर्वोच्च न्यायालयाने १ एप्रिल २०१३ रोजी नाकारले. त्या सुमारास मूळ औषधाचा मासिक खर्च सुमारे १ लाख २० हजार रु., तर भारतीय उत्पादनांचा सुमारे ८ ते १० हजार रु. होता. मुंबईपासून सुमारे ५०० किमी. वा त्याहून दूर असलेल्या नांदेड-लातूर भागातील रुग्णांच्या दृष्टीने या निर्णयाचे महत्त्व विशेष आहे. ही गोळी घरी राहून घेता येते. परंतु ती दररोज व बहुधा वर्षानुवर्षे घ्यावी लागते. रक्तातील संयुक्त जनुकाचे प्रमाणही ठरावीक काळाने मोजावे लागते. गोळी खंडित झाल्यास रोग पुन्हा बळावू शकतो. म्हणून औषधाच्या शोधाइतकेच त्याचे मूल्य व चाचणीची उपलब्धता हे घटकही रुग्णाचे आयुर्मान ठरवितात.