वाचनालय, वाडा आणि वसाहत

नाशिकचे सार्वजनिक वाचनालय १८४० सालचे. रत्नागिरी (१८२८), अहमदनगर (१८३८), नाशिक आणि पुणे (१८४८) अशी ही मालिका आपल्या परिचयाची आहे. अशा संस्थांचा इतिहास आपण बहुधा संस्थापकांचा, देणगीदारांचा आणि ग्रंथसंख्येचा म्हणून लिहितो. ग्रंथालय ज्या जागेत उभे होते तिचा आणि त्या जागेभोवती कोण राहत होते याचा इतिहास मात्र सहसा लिहिला जात नाही. जुन्या ग्रंथालयांच्या जागा नव्याने बांधाव्यात आणि त्यांवरच अल्प उत्पन्न गटासाठी घरेही उभारावीत, हा विचार जगात अनेक ठिकाणी प्रत्यक्षात आला आहे. आपल्याकडे तो विचार येण्यापूर्वी हा दुर्लक्षित इतिहास डोळ्यांखालून घालणे आम्हांस अगत्याचे वाटते.

नाशिकचे हे वाचनालय दीर्घकाळ सराफ बाजारातील सरकारवाड्यात होते. पेशवाईतील कारभाराची ही वास्तू १८१८ नंतर इंग्रजांच्या हाती गेली आणि तिच्यात सरकारी कचेऱ्या आल्या. आज ती राज्य पुरातत्त्व विभागाकडे आहे. म्हणजे नाशिककरांची पुस्तके प्रथमपासून दुसऱ्या कामासाठी बांधलेल्या भिंतींच्या आश्रयाने राहिली. पुढे संस्था टिळकपथावर आपल्या वास्तूत आली. तेथेही पुस्तकांना परशुराम साईखेडकर नाट्यगृहाचा शेजार लाभला. तेव्हा ग्रंथालयाच्या वास्तूत दुसरे काही आले की त्याचे पावित्र्य भंगते, या समजुतीला नाशिकच्या इतिहासात फारसा आधार नाही.

सरकारवाड्याभोवतीची वस्ती वाड्यांची होती. एकेका वाड्यात मालकाखेरीज अनेक बिऱ्हाडे भाड्याने राहत. १९४७ च्या भाडेनियंत्रण कायद्याने ही भाडी बरीचशी गोठली आणि कारकून, शिक्षक, विद्यार्थी, छोटे कारागीर यांना गावाच्या मध्यभागी राहणे शक्य झाले. 'परवडणारी घरे' हा शब्दप्रयोग रूढ होण्याच्या कितीतरी आधी ती सोय अशी अस्तित्वात होती. या खोल्या अंधाऱ्या व अपुऱ्या असत. ज्याच्या घरात कंदील एक आणि माणसे आठ, त्याला वाचनालयाचे टेबल हीच अभ्यासाची खोली होती. वाचनालय आणि स्वस्त निवारा यांचे शेजारपण कोणी आखले नव्हते, ते वाड्यांच्या शहराने आपोआप दिले होते. त्याच गोठलेल्या भाड्यांमुळे वाड्यांची डागडुजी थांबली आणि पावसाळ्यात भिंती कोसळू लागल्या, ही त्याची दुसरी बाजू. तीही विसरून चालणार नाही.

सातपूर आणि अंबड येथील औद्योगिक वसाहतींमागोमाग कामगारांच्या घरांचा प्रश्न आला. सिडकोने नवीन नाशिकमध्ये सहा योजनांत सुमारे पंचवीस हजार घरे बांधली. महाराष्ट्रातील सार्वजनिक गृहबांधणीचा हा मोठा प्रयोग. त्यात शाळा, बाजार, मैदाने यांचा विचार होता, परंतु सार्वजनिक वाचनालयासारखी संस्था त्या कल्पनेच्या केंद्रस्थानी नव्हती. कामगाराचे घर एका टोकाला गेले आणि वाचनालय जुन्या गावातच राहिले. शेजारपण मोडले ते असे, कोणी ठरवून न मोडता.

येथे 'सार्वजनिक' या शब्दाची परीक्षा होते. ज्या शहरात १९३० साली काळाराम मंदिराच्या दारात डॉ. आंबेडकर आणि दादासाहेब गायकवाड यांना सत्याग्रह करावा लागला, त्या शहराला हा शब्द स्वयंसिद्ध मानता येत नाही. नाशिकच्या साहित्याचा इतिहास सांगताना आपण कुसुमाग्रज आणि कानेटकर यांच्यापासून आरंभ करतो, आणि ते योग्यच आहे. पण बाबुराव बागूल हेही १९३० साली नाशिकजवळच्या विहितगावी जन्मले आणि लहानपणीच मुंबईच्या माटुंगा लेबर कॅम्पात गेले. १९६३ मध्ये 'जेव्हा मी जात चोरली होती' हा संग्रह आला तो कामगारवस्तीच्या अनुभवातून. वाचक कोठे राहतो आणि लेखक कोठे घडतो, हे प्रश्न नगररचनेचे तितकेच साहित्याचे आहेत.

आता कायद्याकडे पाहू. मद्रास राज्याने १९४८ मध्ये ग्रंथालय कायदा केला तेव्हा मालमत्ता करावर ग्रंथालय उपकर बसवला. १९६७ च्या महाराष्ट्राच्या कायद्यात तसा उपकर नाही. आपल्याकडील बहुसंख्य ग्रंथालये सभासदांच्या संस्थांनी चालवलेली असून शासन त्यांना वर्गवारीनुसार अनुदान देते. याचा परिणाम असा की, जुन्या संस्थेकडे गावाच्या मध्यभागी मोलाची जमीन असते, आणि गळके छप्पर दुरुस्त करण्यास पैसा नसतो. अशा संस्थेला पुनर्विकासाचा प्रस्ताव तारणहार वाटला तर तिला दोष देता येत नाही.

घरांची बाजूही अशीच अडलेली आहे. दहा लाखांवर लोकसंख्येच्या शहरांत चार हजार चौरस मीटर वा त्याहून मोठ्या भूखंडावरील गृहप्रकल्पांत २० टक्के घरे दुर्बल व अल्प उत्पन्न गटांसाठी राखण्याचा नियम २०१३ साली आला. नाशिकमध्ये ती घरे म्हाडाकडे पोहोचली की नाही, हा वाद २०२२ मध्ये विधिमंडळापर्यंत गेला. शिवाय ही घरे सोडतीने विकली जातात. विकलेले स्वस्त घर पुढल्या विक्रीत स्वस्त राहतेच असे नाही. वाड्यातील बिऱ्हाड भाड्याचे होते म्हणून ते पिढ्यान्‌पिढ्या परवडले, हा फरक आम्हांस निर्णायक वाटतो.

शिकागो शहराने २०१९ मध्ये तीन शाखा-ग्रंथालये अल्प उत्पन्न गटाच्या भाड्याच्या घरांसह उभारली. त्यांपैकी इंडिपेंडन्स शाखेत वर ज्येष्ठ नागरिकांची ४४ घरे आहेत आणि खाली ग्रंथालय. न्यूयॉर्कमध्ये इनवुड येथे १७४ घरांसह नवे ग्रंथालय २०२४ मध्ये उघडले. पण त्याच न्यूयॉर्कमध्ये मॅनहॅटनचे डॉनेल ग्रंथालय २००८ मध्ये बंद झाले. जागा विकली गेली, तिच्यावर उंची हॉटेल आणि महागडी घरे आली आणि २०१६ मध्ये वाचकांना मिळाले ते पूर्वीपेक्षा पुष्कळ लहान, बहुतांश जमिनीखालचे दालन. दोन्हींत पुनर्विकास होता. वरच्या मजल्यांवर कोण राहणार, हे एका ठिकाणी आधी ठरले होते, दुसऱ्या ठिकाणी बाजाराने ठरवले.

नाशिकने स्वतःही एक उत्तर दिले आहे. २००९ मध्ये कुसुमाग्रज प्रतिष्ठानच्या वतीने विनायक रानडे यांनी 'ग्रंथ तुमच्या दारी' हा उपक्रम सुरू केला. पुस्तकांच्या पेट्या वाचकगटांकडे जाऊ लागल्या आणि पुढे परदेशातील मराठी कुटुंबांपर्यंतही पोहोचल्या. मोडलेले शेजारपण सांधण्याचा हा प्रयत्न होता, असे आम्ही मानतो. परंतु पेटी पुस्तक देते, बसायला जागा देत नाही. दोन खोल्यांच्या घरातील मुलीला पुस्तकाइतकीच जागेचीही गरज असते.

म्हणून, उद्या एखाद्या ग्रंथालयाच्या जागेवर घरांचा आराखडा आला तर त्यास केवळ भावनेपोटी विरोध करणे आम्हांस मान्य नाही. मात्र चार गोष्टी करारात लिहिलेल्या असाव्यात. जमिनीची मालकी ग्रंथालयाकडेच राहावी. बांधकाम चालू असताना वाचनकक्ष जवळपास कोठेतरी उघडा असावा. नवी जागा तळमजल्यावर आणि वाढीस वाव असलेली असावी, कारण डॉ. रंगनाथन यांनी १९३१ साली मांडलेल्या सूत्रांपैकी शेवटचे सूत्र ग्रंथालयाला वाढता जीव मानते. आणि वरची घरे भाड्याची, कायम अल्प उत्पन्न गटासाठी असावीत. या चारांपैकी शेवटची अट गळाली तर ग्रंथालयाला इमारत मिळेल, पण जिने उतरून सहज आत येणारा तो जुना वाचक मिळणार नाही.